घरात तीन मजली समुद्र: खाऱ्या पाण्याची टाकी खालून वर का आखायची

गेल्या गणपतीत घरी आलेल्या निम्म्या लोकांनी आधी बाप्पाला नमस्कार केला आणि प्रसाद हातात घेऊन लगेच भिंतीकडे वळून तोच प्रश्न विचारला, की हे वरचं पाणी सारखं खाली पडतंय, मग वरची टाकी रिकामी कशी होत नाही? दुसरा प्रश्न अर्थातच खर्चाचा, त्याच्याकडे शेवटी येऊ. सध्या इन्स्टावर त्या पायऱ्या-पायऱ्यांच्या खाऱ्या पाण्याच्या टाक्यांची रीलं इतकी फिरतायत की माझ्या मेव्हण्यानेही फ्लॅटचं इंटिरियर करताना इंटिरियरवाल्याला तेच दाखवलं, आणि त्याने "होऊन जाईल सर" म्हणून सांगितलं. होऊन जाईल हे खरंय. पण काय होऊन जाईल ते आधी कळलेलं बरं, म्हणून हा लेख.

माझी स्वतःची अशी टाकी आहे, तीन मजली, मुंबईतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. पहिल्यांदा बांधली ती चुकीची बांधली. दुसऱ्यांदा बरोबर बांधली. दोन्हीचे आकडे देतो.

गच्चीवरची टाकी आणि वॉचमन

मुंबईत बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या माणसाला ही सगळी यंत्रणा आधीच माहीत असते, फक्त तिथे मासे नसतात. पालिकेचं पाणी खालच्या टाकीत येतं, वॉचमन पंप चालू करतो, पाणी गच्चीवर चढतं आणि तिथून आपापल्या वजनाने नळांत उतरतं. घरातल्या मजलेवाल्या टाकीत हेच. सगळ्यात खाली कपाटात लपवलेली एक टाकी असते, तिला सम्प म्हणतात. त्यात एक पंप, त्याला रिटर्न पंप म्हणतात, तो पाणी एकदम वरच्या टाकीत नेऊन सोडतो. तिथून ते मधल्या टाकीत पडतं आणि मधल्यातून परत सम्पमध्ये. चोवीस तास, बारा महिने, तेच पाणी गोल गोल. (आमच्या वॉचमनसारखा मध्येच झोपत नाही, एवढाच फरक.)

सम्प फक्त साठवणीसाठी नसतो. गाळणी, हीटर, चिलरचे (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचे) पाईप, सगळा दिसायला नको असलेला पसारा तिथे जातो. त्यातलं एक यंत्र म्हणजे स्किमर: ते पाण्यात बारीक बुडबुड्यांचा फेस करतं आणि माशांची घाण, उरलेलं खाणं त्या फेसाला चिकटून वरच्या कपात जमा होतं. चौपाटीवर लाटेबरोबर तो मळकट पिवळा फेस येतो ना, तसाच प्रकार. कप चार दिवसांनी रिकामा करायचा, आणि तो करताना नाक दाबायचं.

तुळशी भरला, विहार भरला

आता पाहुण्यांचा प्रश्न. दर पावसाळ्यात बातमी येते, तुळशी तलाव ओसंडून वाहू लागला. ओसंडतो म्हणजे काय होतं, तर बांधाची एक ठरावीक उंची असते, पाणी तिथवर चढलं की वरचं जास्तीचं तेवढं सांडतं आणि पाऊस थांबला की पाणी बांधाच्या उंचीवर येऊन थांबतं. तलाव रिकामा होत नाही.

टाकीच्या एका कोपऱ्यात काचेची आडवी पट्टी लावून असाच बांध करतात, त्याला ओव्हरफ्लो म्हणतात. पंप चालू असताना पाणी बांधाच्या साधारण दीड-दोन सेंटीमीटर वर असतं आणि पलीकडे सांडत राहतं, पंप थांबला की ते दोन सेंटीमीटर सांडून जातं आणि संपलं. म्हणून वरची टाकी रिकामी होत नाही, आणि म्हणूनच वरच्या दोन्ही टाक्यांची पातळी रोज तीच दिसते.

मग कमी-जास्त कुठे होतं? फक्त सम्पमध्ये. हे एक वाक्य नीट डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. पाण्याची वाफ झाली, तुम्ही बादलीभर पाणी काढलं, लाईट गेली, काहीही झालं तरी त्याचा हिशोब सगळ्यात खालच्या टाकीतच दिसतो. म्हणून ही टाकी खालून वर आखायची असते, आणि रीलमध्ये खालचं कपाट कधीच उघडून दाखवत नाहीत.

"मुंबईत लाईट जाते कुठे?"

जाते. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी ग्रिड बसली आणि लोकलसकट अख्खी मुंबई थांबली होती, आठवत असेल. आमच्याकडे त्याला एवढंही मोठं कारण लागलं नाही, जूनमधल्या एका रात्री विंगचा फ्यूज उडाला. मला जाग आली ती आवाजाने नाही, आवाज थांबला म्हणून. पंपाची ती बारीक गुणगुण बंद, पंखा बंद, आणि त्या शांततेत हॉलमधून टप टप टप. मोबाईलचा टॉर्च मारला तर सोफ्याचे पाय पाण्यात आणि कपाटाच्या दाराखालून पाणी शांतपणे दाराकडे चाललेलं. लादी पुसायचं फडकं, दोन पंचे, आठवड्याचे पेपर, सगळं टाकलं. पावणेतीनला बेल वाजली, खालच्या मजल्यावरच्या काकू, हातात पातेलं. म्हणाल्या, "हे खारट का लागतंय?" म्हणजे चाखून आल्या होत्या.

झालं काय होतं ते आकड्यात सांगतो. माझी वरची टाकी ९० बाय ४५ सेंटीमीटर, मधली १२० बाय ४५, सम्प ९० बाय ४० आणि उंची ४०. लाईट गेल्यावर वरच्या टाकीच्या बांधावरचं २ सेंटीमीटर पाणी खाली आलं, म्हणजे ८ लिटर. मधल्यातलं तसंच ११ लिटर. इथवर ठीक. पण पंपाचं पाणी वरच्या टाकीत सोडणारी नळी मी दिसू नये म्हणून पाण्यात खोल बुडवली होती, बांधाच्या पातळीखाली चांगली १५ सेंटीमीटर. पंप थांबला की ती नळी उलटी चालते. स्कूटरमधून नळी लावून तोंडाने पेट्रोल ओढून काढतात ना, तसं, एकदा धार लागली की नळीचं वरचं टोक उघडं पडेपर्यंत पाणी खाली येतच राहतं. याला सायफन म्हणतात. १५ सेंटीमीटर म्हणजे आणखी ६० लिटर. एकूण ८० लिटर खाली आलं आणि सम्पमध्ये जागा होती ३६ लिटरची, कारण "जास्त पाणी तेवढं चांगलं" या तत्त्वावर मी तो ३० सेंटीमीटरपर्यंत भरून ठेवलेला. उरलेलं ४४ लिटर आधी माझ्या लादीवर आणि मग काकूंच्या छतातून.

उपाय दोन आणि दोन्ही करायचे. नळीचं तोंड पृष्ठभागाच्या जवळ आणायचं, आणि तिला पाण्याच्या पातळीलगत एक बारीक भोक पाडायचं म्हणजे पातळी जराशी उतरली की हवा आत शिरते आणि धार तुटते. भोकात शेवाळ बसतं, म्हणून दर महिन्याला काडी घालून साफ करायचं. आणि सम्प अर्धाच भरायचा. माझा आता २० सेंटीमीटरवर चालतो, ७२ लिटर पाणी आणि ७२ लिटर रिकामी जागा. दुकानात ती रिकामी जागा बघून गिऱ्हाईक म्हणतं, एवढा मोठा सम्प कशाला.

नॉन-रिटर्न व्हॉल्व लावला की झालं, असं प्लंबर सांगेल. लावा हवा तर, पण त्याच्या भरवशावर झोपू नका. खाऱ्या पाण्यात त्याच्या झडपेत चुन्याचे कण, बारीक गोगलगायी, काय काय अडकतं, आणि तो नीट मिटत नाहीये हे कळतं लाईट गेल्यावरच.

आणि वरचा पाईप तुंबला तर?

हे लाईट जाण्याच्या बरोबर उलटं. पंप चालू आहे, वर पाणी चढतंय, पण खाली उतरायच्या पाईपात गोगलगाय नाहीतर शेवाळाचा गोळा बसला. आता पाणी वरच्या टाकीच्या काचेवरून थेट हॉलमध्ये, सहा फुटांवरून.

यासाठी प्रत्येक मजल्याला उतरायचे दोन पाईप ठेवतात, एक रोजचा आणि एक थोडा उंच तोंडाचा, जो एरवी कोरडाच असतो. रोजच्या पाईपावर एक व्हॉल्व बसवून पाणी असं जुळवतात की पाईप पूर्ण भरून वाहील, हवा आत ओढणार नाही. याने आवाजही जातो. बेसिनमधलं पाणी संपताना शेवटी ते गुर्र करतं ना, तो आवाज हवा आणि पाणी एकत्र जातात म्हणून येतो, आणि तीन मजल्यांच्या टाकीत तो आवाज हॉलमध्ये रात्रंदिवस ऐकायची कुणाची तयारी नसते. बायकोची तर नसतेच.

पण खरा विमा वेगळा आहे आणि तो फुकट आहे. सम्पमध्ये काचेच्या पट्ट्या लावून खण करतात, पंप शेवटच्या खणात बसतो. त्या खणातलं पाणी आणि मधल्या टाकीच्या बांधावरून उतरून येणारं पाणी, दोन्ही मिळून वरच्या टाकीच्या काठापर्यंतच्या रिकाम्या जागेपेक्षा कमी ठेवायचं. माझ्या शेवटच्या खणात २४ लिटर आहे, मधल्यातून उतरणारं ११ धरून ३५, आणि वरच्या टाकीत चालू पातळीपासून काठापर्यंत १० सेंटीमीटर मोकळे, म्हणजे ४० लिटर. दोन्ही पाईप तुंबले तरी पंपाचा खण आधी कोरडा पडणार, पंप घरघरणार, आणि वरून एक थेंब बाहेर येणार नाही. म्हणजे सम्प मोठा पण पंपाचा खण छोटा. हे दोन्ही एका वेळी लागतं, आणि इथेच कस्टम टाकी करून घेण्याचा अर्थ आहे, नाहीतर तयार टाकी काय वाईट.

पंप घेताना खोक्यावरचा आकडा बघून फसू नका. ताशी ३००० लिटर लिहिलंय ते पाणी अजिबात वर न चढवता. तुमच्या बिल्डिंगमध्येही तळमजल्यावर नळाला जोर आणि वर करंगळीएवढी धार असते. वरच्या टाकीपर्यंत दीड-पावणेदोन मीटर चढ आहे, तेवढ्या उंचीवर तो पंप किती देतो याचा तक्ता कंपनी देते, तो मागा. एकूण पाण्याच्या चार-पाच पट दर तासाला फिरलं तरी माझ्या मते भरपूर, लाटा करायला टाकीत वेगळे छोटे पंप लावता येतात.

स्लॅब सहन करेल का?

हा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि हाच आधी विचारायला हवा. माझ्याकडे चालू पाणी साधारण ४१० लिटर आहे. खारं पाणी साध्यापेक्षा जरा जड, लिटरला १.०२५ किलो, म्हणजे ४२० किलो. १० मिलिमीटरची काच चौरस मीटरला २५ किलो, तिन्ही टाक्यांची मिळून १२० किलो. दगड, वाळू, स्टँड धरून पावणेसातशे किलोच्या घरात. आणि हे सगळं उभं आहे चार फूट बाय दीड फुटावर! विरार फास्टच्या दारात एवढ्याशा जागेत दहा माणसं उभी असतात, फक्त ती दहा माणसं दादरला उतरत नाहीत.

भारतीय मानक आयएस ८७५ राहत्या घराच्या खोलीसाठी चौरस मीटरला २ किलोन्यूटन, सोप्या भाषेत २०० किलो, इतका वापराचा भार धरायला सांगतं. माझा हिशोब काढला तर टाकीखाली चौरस मीटरला साडेबाराशे किलो येतात, सहापटीहून जास्त. याचा अर्थ स्लॅब लगेच कोसळतो असा नाही, कारण तो आकडा पूर्ण खोलीभर धरलेला असतो आणि बाकीची खोली बरीचशी रिकामी असते. पण मजले चढवले की तेवढ्याच पायांवर दुप्पट-तिप्पट वजन येतं, आडवी पसरलेली टाकी बरी असते या बाबतीत. म्हणून टाकी बीमच्या वर किंवा अगदी लगत, शक्यतो कॉलमजवळच्या भिंतीला, आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवून. इंटिरियरवाल्याला नव्हे. बाल्कनीत अजिबात नाही, ती भिंतीतून बाहेर आलेली फळी आहे. जुन्या लाकडी तुळयांच्या चाळीत तर विचारही सोडा, तिथे एक साधी टाकी तळमजल्यावर ठेवा आणि खूश राहा.

आणि खारं पाणी स्लॅबमध्ये मुरलं तर ते नुसतं डाग पाडून थांबत नाही, मिठातलं क्लोराइड आतल्या सळयांना गंज चढवतं. मुंबईची हवा ते काम तसंही करतेच आहे, आपण हातभार कशाला लावायचा. टाकीखाली कडा असलेला ट्रे करून घ्या. स्टँडला साधं लोखंड रंगवून दिलं तर दोन पावसाळ्यांत फुगतं, कारण पाणी उडून सुकलं की मिठाचा पांढरा थर सगळीकडे सरपटत जातो. मी मरीन प्लायचा केला. प्लग पाण्याच्या पातळीच्या वर, वायर आधी खाली लोंबून मग वर प्लगला जाईल अशी, म्हणजे ओघळ प्लगमध्ये शिरत नाही. आणि ३० मिलिअँपियरचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच. यात काटकसर नको.

दोन मजल्यांमध्ये किती अंतर, हेही कागदावर आधी काढा. रीलमध्ये वीतभर असतं. प्रत्यक्षात त्या फटीतून तुमचा खांद्यापर्यंतचा हात, काच घासायचा ब्रश आणि कधीमधी तुमचं डोकं जायचंय. मी ३५ सेंटीमीटर ठेवलंय, तरी कोपर आपटतं.

"समुद्र एवढा जवळ आहे, पाणी तिथूनच आणू"

सासऱ्यांचा हा आवडता मुद्दा. दादर चौपाटीवरून दोन कॅन भरून आणले तर काय बिघडलं? बिघडतं ते असं, की आपल्या किनाऱ्याला सांडपाणी येऊन मिळतं आणि पावसाळ्यात नाले-खाड्यांचं गोडं पाणी मिसळून खारटपणा उतरतो. टाकीत पाहिजे स्थिर पाणी, हजार लिटरमागे ३५ किलो क्षार, आणि ते रोज तेवढेच.

मग मीठ घालून बनवू? बनवायचंच, पण स्वयंपाकाचं नाही. समुद्राच्या क्षारांत साधं मीठ सुमारे ८५ टक्के असतं, उरलेल्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम वगैरे, आणि शंख-शिंपल्यांना, माशांना तेही हवं असतं. नुसत्या मिठाचं पाणी म्हणजे मसाला न घातलेली आमटी. तयार सागरी मीठ मिळतं, लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे माझ्या टाकीला पहिल्या भरणीलाच चौदा-पंधरा किलो. खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, एक थेंब टाकून दुर्बिणीसारखं डोळ्याला लावायचं.

ज्या पाण्यात हे मीठ मिसळायचं ते नळाचं थेट नको. तलावांचं पाणी तसं हलकं असतं, पण क्लोरीन असतं आणि थोडेफार असे क्षार असतात ज्यांवर शेवाळ पोसतं. आरओ आणि त्यापुढे रेझिनची एक नळी लावून टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) शून्याला आणतात. आरओचं वाया जाणारं पाणी लादीला, संडासाला वापरा. पाणीकपातीच्या दिवसांत हे पाणी ओतून देताना शेजारी बघत असतात.

आणि वाफ. आमटी आटली की खारट होते, तसंच टाकीचं. पाणी उडतं, मीठ राहतं. म्हणून रोज जे कमी झालं ते साध्या शुद्ध पाण्याने भरायचं, खाऱ्या नाही, ही चूक नवीन माणूस हमखास करतो. वरून पडतं पाणी असल्याने वाफ जास्त, माझ्याकडे मे महिन्यात दिवसाला पाच-सहा लिटर जातं. पंपाच्या खणात पातळी उतरली की आपोआप पाणी सोडणारं यंत्र मिळतं, पण त्याचा डबा छोटा ठेवा, कारण वरचा पाईप तुंबून खण रिकामा झाला तर त्या बिचाऱ्याला वाटतं वाफ झाली आणि ते ओततच बसतं.

नागपूरचा कूलर मुंबईत चालत नाही

समुद्री माशांना २५-२६ अंश बरं वाटतं. मुंबईत मे महिन्यात बंद घरात ३२, वर पंप आणि दिव्यांची उष्णता. लोक सांगतात पंखा लाव पाण्यावर. पंख्याने वाफ होते आणि वाफेने थंडावा येतो, बरोबर, पण हवा कोरडी असेल तर. नागपुरात वाळ्याचा कूलर मस्त चालतो आणि मुंबईत तोच कूलर अंग चिकट करतो, त्याच कारणाने जुलैत टाकीवरचा पंखा काही करत नाही. चिलर लागतो. तो पाणी थंड करून उष्णता खोलीत फेकतो, म्हणून बंद कपाटात कोंबू नका, स्वतःचीच गरम हवा खाऊन दमतो.

विरजण लागायला वेळ लागतो

टाकी भरली, दिवे लागले, आता मासे? नाही. मासा पाण्यात अमोनिया सोडतो, अगदी थोडाही विषारी. दगडांवर, गाळणीवर राहणारे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही वाईटच, आणि मग दुसरे जीवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे थोडं असलं तर चालतं आणि पाणी बदलून काढता येतं. या साखळीला सायकल म्हणतात. हे जीवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. दुधात विरजण घातलं आणि तासाभराने भांडं उघडून बघितलं तर दूधच असणार. कुणाच्या जुन्या निरोगी टाकीतला दगड किंवा गाळणीचा स्पंज मिळाला तर ते खरोखरचं विरजण, काम लवकर होतं. आणि चाचणीत अमोनिया, नायट्राइट शून्य दाखवेपर्यंत हात बांधून बसायचं. मी पहिल्या वेळी अकराव्या दिवशी क्रॉफर्ड मार्केटला मासे आणायला गेलो होतो. त्याबद्दल आणखी काही सांगत नाही.

"तीन टाक्या म्हणजे तिप्पट मासे ना?"

नाही, आणि इथे रील सगळ्यात जास्त फसवतात. पाणी एकच आहे. एका माशाच्या अंगावर पांढरे ठिपके आले की तो रोग तिन्ही मजल्यांवर. त्याचं तांब्याचं औषध टाकीत टाकलं की कोळंबी आणि गोगलगायी मरतात. म्हणून नवीन मासा आधी महिनाभर वेगळ्या साध्या टाकीत.

फायदाही त्याच एका पाण्याचा आहे. जास्त पाणी म्हणजे चूक पचवायची ताकद जास्त, आणि भांडखोर मासे वेगळ्या मजल्यावर ठेवता येतात. पण पोहायची लांबी मात्र वाढत नाही. तो निळा टँग मासा, पोरं ज्याच्यासाठी हट्ट धरतात, तो वाढून फूटभर होतो. ४०० लिटर तीन ठिकाणी वाटले तर त्याला चार फुटांच्या पलीकडे जायला जागाच नाही. त्याला आणू नका. क्लाउनफिशची जोडी मजेत राहते, त्यांच्यात सगळे नर म्हणून सुरू होतात आणि जो थोराड होतो तो मादी बनतो, त्यामुळे लहानमोठे दोन घेतले की घर मांडतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास करायचं तंत्र बसवलेलं आहे, तेव्हा समुद्रातून पकडलेला घेण्यापेक्षा टाकीत जन्मलेलाच मागा. वरच्या मजल्यावर मी मासा ठेवतच नाही, नुसतं समुद्री शेवाळ वाढवतो. ते नायट्रेट खातं, आणि त्यात वाढणारे सूक्ष्म किडे पाण्याबरोबर खाली पडतात की मधल्या मजल्यावर जेवण.

प्रवाळाचं काय? वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये कडक सांगाड्याचं प्रवाळ, सी फॅन, समुद्रघोडे हे पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या यादीत आहे तीच. दुकानदार "इम्पोर्टेड आहे, टेन्शन नका घेऊ" म्हणतो, पण टेन्शन त्याच्या घरी नाही, तुमच्या हॉलमध्ये भिंतीएवढं दिव्यांत झळकत असतं. वाळलेलं पांढरं प्रवाळ शोभेला ठेवणं हाही तोच भाग. मी सिरॅमिकचे आणि सिमेंटचे दगड वापरतो, सहा महिन्यांत जांभळट थर चढतो आणि ओळखू येत नाही. काही जण वरच्या टाकीत खाडीतून खारफुटीची रोपं उपटून आणून लावतात, तेही करू नका, खारफुटीला संरक्षण आहे.

बरं, महिन्याला किती?

टाकीचा भाव गल्लीगणिक बदलतो, त्यामुळे युनिटमध्ये सांगतो. ५० वॅटचा पंप चोवीस तास म्हणजे महिन्याला ३६ युनिट. २५० वॅटचा चिलर दिवसाला बारा तास चालला तर ९०. दिवे, स्किमर वेगळे. दर पंधरा दिवसांनी ४० लिटर पाणी बदलायचं, त्याला दीड किलोच्या आसपास मीठ. आणि तुमचा रविवार. तो बिलात येत नाही पण जातो.

वॉरंटी, काचेला कुठलं सिलिकॉन, हे सगळं टाकीवाला सांगेल. एक गोष्ट तो सांगणार नाही, कारण त्याला दुसऱ्या साईटवर जायचं असतं. मीठ घालायच्या आधी सगळ्या टाक्या नळाच्या साध्या पाण्याने भरा, पंप चालू करा, सम्पच्या काचेवर काठाच्या खाली एक रेघ मारा आणि घराचा मेन स्विच बंद करून बघा. मग परत चालू करा आणि वरच्या पाईपात फडकं कोंबून बघा. दोन दिवस हेच करत बसा.

दुसऱ्यांदा टाकी बांधली तेव्हा मी खालच्या काकूंना मुद्दाम वर बोलावलं. छतावरचा डाग अजून तसाच आहे त्यांच्या, भारताच्या नकाशासारखा, रंग दिला तरी वर येतो. काकूंनी स्वतः मेन स्विच खाली ओढला. पंप थांबला, वरची धार बारीक होत होत तुटली आणि सम्पमधलं पाणी चढायला लागलं, चढत चढत रेघेच्या चार बोटं खाली येऊन थांबलं. काकूंनी वाकून कपाटात पाहिलं, बोट बुडवून चाखलं आणि म्हणाल्या, "हं. आता घाल मीठ."